मुलांचे आवाज कुठे ठेवायचे

हैदराबादच्या कोठी भागातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. खाली औषधांचं दुकान, शेजारी जुन्या पुस्तकांचं. मी मुलांना बोलायला शिकवते. कमी ऐकू येणारी मुलं, अडखळणारी मुलं, 'क'च्या जागी 'त' म्हणणारी मुलं. सव्वीस वर्षं झाली. तेलुगू घरांतली मुलं येतात, उर्दू घरांतली येतात, थोडी मराठीही असतात. आमचं घर चार पिढ्यांपासून हैदराबादेतलं, वडील सरकारी शाळेत शिक्षक, त्यामुळे तिन्ही भाषा लहानपणीच कानावर पडल्या. माझ्या मराठीत किती दखनी मिसळली आहे हे मात्र पुण्याची सून घरात आली तेव्हा कळलं. मी 'हो'च्या जागी 'हौ' म्हटलं की ती अजून हसते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका सकाळी पाच वर्षांच्या एका मुलीचं रेकॉर्डिंग संपवलं आणि नेहमीसारखं बटण दाबलं. फाइल वर चढेना. पडद्यावर लाल पट्टी आली.

"अक्का, नेट गेलं का?" मी बाहेर ओरडले.

अक्का म्हणजे आमच्या रिसेप्शनवरच्या बाई. अठरा वर्षं माझ्याबरोबर आहेत. माझ्यापेक्षा लहान आहेत, पण सगळी मुलं त्यांना अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्या आत आल्या, चष्मा वर करून वाकून वाचलं.

"नेट आहे, मॅडम. जागा संपली म्हणतंय."

जागा संपली? आम्ही ज्या कंपनीच्या क्लाउडवर सगळं ठेवायचो तिथे जागा संपण्याचा प्रश्नच नव्हता. पैसे भरा आणि हवं तेवढं ठेवा, असाच प्लॅन होता. मी मेल उघडून बघितली, तर दोन महिन्यांत त्यांचे तीन निरोप येऊन पडले होते. मी ते जाहिराती समजून न वाचताच बाजूला सारले होते. 'हवं तेवढं' बंद झालं होतं. आता माणशी ठरावीक जागा. आमचं सामान त्याच्या कितीतरी पट होतं. नवं काही ठेवणं बंद झालंच होतं, आणि ठरलेल्या मुदतीत कमी केलं नाही तर जुनंही काढून टाकलं जाणार होतं. तेवढीच जागा हवी असेल तर मोठा प्लॅन होता, पण तो आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या क्लिनिकला परवडणारा नव्हता.

मी घाबरले. का, ते सांगते.

मी शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी एक सवय लावली होती. प्रत्येक मूल पहिल्या दिवशी आलं की बारा चित्रं दाखवायची, ते काय म्हणतं ते रेकॉर्ड करायचं. मग दर सहा महिन्यांनी तीच बारा चित्रं. केळं, चेंडू, घर, मासा, अशी साधी. बाई म्हणायच्या, रेकॉर्ड केलं नाहीस तर सहा महिन्यांनी तुला वाटेल की मूल पहिल्यापासून असंच बोलत होतं, आणि आईला वाटेल की काहीच फरक पडला नाही. हे मी शंभर वेळा अनुभवलंय. थकून गेलेली आई म्हणते, "मॅडम, काही होत नाही हिचं." मी सहा महिन्यांपूर्वीचं लावते. आई ऐकते, आणि पुढचे सहा महिने ती पुन्हा उन्हातान्हात बस पकडून यायला तयार होते.

आधी छोट्या रेकॉर्डरवर घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर ठेवायचे. एका वर्षी तो कॉम्प्युटर बंद पडला आणि जवळजवळ दोन वर्षांचे आवाज गेले. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. त्यानंतर माझ्या मुलानं मला क्लाउड लावून दिला. "आई, आता काही जायचं नाही," असं म्हणाला होता. मी विश्वास ठेवला आणि ठेवतच गेले. उरलेले जुने आवाज, नवे आवाज, पुढे ओठ आणि जीभ दिसावी म्हणून व्हिडिओ. कधी काही पुसलं नाही.

रविवारी क्लिनिक बंद असतं. सून माझ्याबरोबर आली. ती एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर माहिती साठवण्याच्याच कामात आहे. टेबलावर लॅपटॉप उघडून तिनं तासभर सगळं बघितलं. मी समोरच्या मुलांच्या खुर्चीत गुडघे वर करून बसले होते.

"आई, तुम्ही व्हिडिओ इतके मोठे का घेता?"

"मला काय माहीत मोठे म्हणजे काय. फोन घेतो, मी ठेवते."

"फोन सिनेमासारखे घेतोय. तुम्हाला एवढ्याची गरज नाही. सेटिंग बदललं की पुढचे आठपट लहान होतील. तो प्रश्न सुटला." तिनं पडद्याकडे बघतच विचारलं, "पण हे जुने... ज्या मुलांचं येणं आठ-दहा वर्षांपूर्वी संपलं, ते कोण बघतं?"

मला राग आला. तिनं साधंच विचारलं होतं, म्हणून जास्त आला.

"कोणी बघत नाही. म्हणून काय फेकून द्यायचे?"

आमच्यात तोवर भांडण असं झालं नव्हतं. ती घरात येऊन चार वर्षं झाली होती, आणि दोघीही एकमेकींना जपूनच वागायचो. मला वाटलं ती आता विषय सोडून देईल, पण तिनं सोडला नाही.

"फेका असं मी म्हणत नाही, आई. पण हे आवाज तुमचे नाहीत ना. त्या मुलांचे आहेत. आईबापांनी उपचारासाठी सही केली होती, आणि उपचार संपला. आता ते ठेवायचे की पुसायचे, हे तुम्ही कसं ठरवणार? आणि मी तर नाहीच नाही. त्यांना विचारायला नको का?"

इतकी वर्षं मी स्वतःला त्या आवाजांची राखणदार समजत होते. मालकाला विचारावं हे मला सुचलंच नव्हतं. आणि सुचवलं कोणी, तर माझी भाषा ऐकून हसणाऱ्या या मुलीनं.

"हौ," मी म्हणाले. या वेळी ती हसली नाही.

पुढचे सहा आठवडे आम्ही तिघींनी तेच केलं. अक्कांनी जुनी रजिस्टरं काढली. दुपारी दोन ते चार पेशंट नसतात. त्या वेळात त्या एका फोनवर आणि मी दुसऱ्यावर. सुनेनं प्रत्येक मुलाला एक क्रमांक देऊन वेगळा कप्पा केला. आधी सगळं वर्षावारी एकत्र होतं आणि लिंक असलेल्या कोणालाही उघडता आलं असतं, हे बघून ती चांगलीच वैतागली होती. आता कुलूप लागलं. उघडण्याचा हक्क फक्त माझ्याकडे आणि अक्कांकडे. अक्कांनी हे सगळं माझ्याआधी शिकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या मलाच शिकवत होत्या, "मॅडम, असं ओढू नका, आधी निवडा, मग हलवा."

बरेच नंबर लागले नाहीत. काहींना मी आठवलेच नाही. एका आईनं दोनदा विचारलं, "कोणतं क्लिनिक?" तिचा मुलगा माझ्याकडे जेमतेम तीन महिने आला होता. वाईट वाटायचं कारण नाही, मूल नीट बोलायला लागलं की लोकांनी विसरावंच. तरी वाटलं. पण ज्यांना आठवत होतं त्यांचं भलतंच. फोन ठेवेनात. कोणी दुसऱ्याच दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन दारात. अंबरपेठेहून एक आजी आल्या, नातवाला घेऊन यायच्या त्या. नातू आता बाहेरगावी नोकरीला. त्यांना फोनवर लिंक पाठवली तर नको म्हणाल्या, इथेच बसून ऐकवा म्हणाल्या. ऐकलं, पदरानं डोळे पुसले, अक्कांशी तेलुगूत तासभर गप्पा मारल्या आणि "आता पुसा तुम्ही, मी ऐकलं," असं सांगून जिना उतरून गेल्या.

एका वडिलांनी मात्र माझं बोलणं मध्येच तोडलं. "मेडम, निकाल डालो. बच्ची का रिश्ता चल रा. पुरानी बातां नक्को." आवाज दबलेला होता, जवळ कोणीतरी असावं. मुलगी लहानपणी बोलत नव्हती हे सासरच्यांना कळायला नको होतं त्यांना. मी म्हणणार होते, यात लपवण्यासारखं काय आहे, केवढी मेहनत केली तुमच्या मुलीनं. जिभेवर आलं होतं. पण त्यांचं घर त्यांना माहीत, मला नाही. मी म्हटलं, "जी, अभी निकाल देती हूँ."

तिचा कप्पा उघडला. सात वर्षांची चौदा रेकॉर्डिंगं. एकदा ऐकावं असं फार वाटलं. ती हट्टी होती, मासा दाखवला की दर वेळी आधी हसायची. मी ऐकलं नाही. नको म्हटल्यावर तो हक्क माझा राहिला नव्हता. सगळं निवडलं आणि पुसलं. मग बाहेर जाऊन अक्कांना म्हटलं, चहा करा. अक्कांनी माझ्या कपात साखर जास्त घातली होती.

चौथ्या आठवड्यात दिलसुखनगरहून एक आई आणि मुलगी आल्या. मराठी कुटुंब, मूळचं मुंबईचं. वडील कामानिमित्त तेव्हा सतत बाहेर असायचे. आई एकटी मुलीला घेऊन आठवड्यातून दोनदा बसनं यायची. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन. आता सतरा वर्षांची, घराजवळच्याच क्लासमध्ये परीक्षेची तयारी करणारी, केस मागे बांधून मशीन उघडी ठेवणारी. दारातून आत येताच म्हणाली, "मॅडम, ही खोली केवढी लहान आहे! मला आठवते ती मोठी होती."

त्यांचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग लावलं. नुसता आवाज, व्हिडिओ नव्हता तेव्हा. पंख्याची घरघर, खालच्या गल्लीतला हॉर्न. मग माझा आवाज, तरुण आणि जरा जास्तच गोड. "हे काय आहे?" मग शांतता. मग आईचा आवाज, माझ्यापेक्षा मोठा. "बोल ना! काल घरी बोललीस ना? नीट बोल!"

खुर्चीत बसलेल्या आईचा चेहरा उतरला. पुढच्या चित्राला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला, "किती वेळा सांगायचं तुला!"

खरं सांगायचं तर आया मध्ये बोलल्या की मला तेव्हा राग यायचा. रेकॉर्डिंग खराब झालं असं मी वहीत लिहून ठेवायचे.

"बंद करा मॅडम," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी इतकी ओरडायचे? एवढ्याशा मुलीवर? मला आठवतच नाही. मला वाटायचं मी किती प्रेमानं..."

मुलगी आधी आईकडे बघत राहिली, मग हसायला लागली.

"अगं, तू ओरडायला लागलीस की मी मशीन बंद करायचे."

"काय?"

"खरंच. कानामागे बटण होतं. तुझं तोंड हलताना दिसायचं फक्त. मला वाटायचं तू काहीतरी खातेयस."

आई रडता रडता हसली. मीही. अक्का दारात येऊन काय झालं म्हणून बघून गेल्या. मग आईनंच हट्ट धरला, आता सगळं ऐकायचं. आम्ही पुढचं लावलं. त्याच्या पुढचं. तिसऱ्या की चौथ्या रेकॉर्डिंगला आई एकदम म्हणाली, "थांबा. जरा मागे घ्या."

मी मागे घेतलं. केळ्याचं चित्र होतं. ही मुलगी कितीतरी महिने 'तेळं' म्हणायची. जिभेचं टोक पुढेच यायचं, मागे जायचंच नाही. त्या एका 'क'साठी आम्ही दोघींनी आरशासमोर किती तास काढले होते. रेकॉर्डिंगमध्ये कागद सरकवल्याचा आवाज होता, म्हणजे मी वहीचं पान उलटत असणार. आणि त्या आवाजाखाली, अगदी हळू, स्वच्छ ऐकू येणारं, "केळं."

लगेच माझा आवाज. "काय म्हणालीस? मोठ्यानं सांग."

आणि मुलगी मोठ्यानं, "तेळं."

"ती आधीच बोलली होती, मॅडम," आई म्हणाली.

मी वही काढून बघितली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'क नाही'. 'क' आला असं लिहिलेलं सापडलं त्यानंतर पाच महिन्यांनी. म्हणजे त्या पोरीनं एक कठीण गोष्ट पहिल्यांदा करून दाखवली, आणि समोर बसलेली शिकलेली बाई पान उलटत होती. वर पुन्हा सांग म्हणाली. मग तिला वाटलं असणार की काहीतरी चुकलं.

मी मुलीकडे वळून म्हणाले, "माझं चुकलं गं. मी ऐकलंच नाही."

ती खांदे उडवून म्हणाली, "मला तरी कुठे ऐकू आलं?" आणि परत हसली. मग थोड्या वेळानं, जरा गंभीर होऊन, "पण मी बोलले होते. छान वाटतंय."

ठेवायचं की पुसायचं हे मी तिलाच विचारलं, आईला नाही. तिनं विचार केला. म्हणाली, माझं सगळं मला द्या, आणि हे केळ्याचं एक तुमच्याकडे ठेवा. नव्या आयांना ऐकवा. नाव सांगितलंत तरी चालेल.

नाव मी सांगत नाही. पण ते रेकॉर्डिंग ठेवलं आहे.

मुदतीच्या दोन दिवस आधी आमचं काम संपलं. निम्म्याहून जास्त सामान आपापल्या घरी गेलं होतं. काही पुसलं. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांचे व्हिडिओ काढून नुसते आवाज एका हार्ड डिस्कवर घेतले आणि ती क्लिनिकच्या कपाटात कुलपात ठेवली. वर्षभर वाट बघायची, मग काढून टाकायचे, असं सुनेनं लिहून घेतलं माझ्याकडून. उरलेलं कंपनीच्या लहान प्लॅनमध्ये आरामात बसलं. आता पद्धतही बदलली आहे. सहामाही रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी अक्का ते आईबापांच्या फोनवर पाठवतात, आणि उपचार संपला की विचारतात, ठेवायचं की पुसायचं. हे पंधरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही, आणि मला सुचलं नाही.

मीही थोडी बदलले आहे. चित्र दाखवल्यावर वहीला हात लावत नाही. मूल बोलून झालं तरी मनात पाचपर्यंत मोजते, मगच पुढचं चित्र. आया मध्ये बोलल्या तर बोलू देते. मला त्या कंपनीवर रागवायला हवं होतं, पहिल्या आठवड्यात रागावलेही होते. पण त्यांनी जागा कमी केली नसती तर मी एकही फोन केला नसता. सगळं जपून ठेवलं असतं आणि काहीच ऐकलं नसतं. सुनेला मी एकदा तसं म्हणाले. ती म्हणाली, "आई, त्यांना हे कळवू नका, पुढच्या वर्षी आणखी भाव वाढवतील."

काम संपल्यावर पंधरा दिवसांनी दिलसुखनगरच्या त्या आईचा फोन आला. आता मुलीचे वडील घरी असतात. रविवारी सकाळी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी रेकॉर्डिंगं ओळीनं ऐकली, असं ती सांगत होती. त्या वर्षांत ते एकदाही क्लिनिकमध्ये आले नव्हते. मला तर त्यांचा चेहराही माहीत नाही.

"काही म्हणाले का?" मी विचारलं.

"आधी काहीच नाही. जेवायला बसलो, तेव्हा म्हणाले, एवढं सगळं तू एकटीनं केलंस?"

मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले. बाहेर पुढचा पेशंट आला होता. अक्कांनी दारातून बघितलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्या मुलाला घेऊन खिडकीपाशी गेल्या, रस्त्यावरच्या रिक्षा दाखवायला.